घरपोच मालाचे हशील

मोबाईलच्या पडद्यावर मनाजोगती वस्तू निवडून, तिचे नग ठरवून, पत्ता आणि पिनकोड भरून ग्राहक जेव्हा अखेरच्या पानावर येऊन ठेपतो आणि साडेतीनशे रुपयांच्या किमतीखाली 'डिलिव्हरी चार्ज ९० रुपये' अशी ओळ अकस्मात उमटलेली पाहतो, तेव्हा त्याच्या मनात उसळणारा संताप सर्वस्वी गैरवाजवी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु त्या ओळीच्या पलीकडे जो लहान व्यापारी बसलेला असतो, ज्याचे दुकान म्हणजे घरातील एक खोली, गोदाम म्हणजे पलंगाखालची जागा आणि नोकरवर्ग म्हणजे संध्याकाळी कामावरून परत येणारी घरचीच माणसे, तो या नव्वद रुपयांकडे कोणत्या नजरेने पाहतो हे ग्राहकास सहसा ठाऊक नसते. हा आकडा वाहतुकीच्या खर्चातून आपोआप निघतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः खर्चाचा आकडा कुरिअरच्या बिलात आयताच मिळतो. व्यापाऱ्यास ठरवावयाचे असते ते एवढेच की हा बोजा कोणाच्या खांद्यावर किती टाकावा, आणि तो टाकला आहे हे ग्राहकास सांगावे की नाही.

प्रथम खर्चाचीच बाजू पाहू. कुरिअर कंपन्यांचे दर बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात; व्यापाऱ्यांच्या तोंडी या टप्प्यांना 'स्लॅब' हाच शब्द आहे. टप्प्याच्या वर दहा ग्रॅम गेले तरी पुढच्या संपूर्ण टप्प्याचा आकार पडतो. कोल्हापूरकडील एखाद्या गृहिणीने कांदा-लसूण मसाल्याचे अर्ध्या किलोचे पाकीट साडेतीनशे रुपयांस विकावयास काढले आहे असे समजा. मसाला ५०० ग्रॅम, पाकिटाचे पंधरा, आणि पुठ्ठ्याचा खोका, बबल रॅप, चिकटपट्टी, लेबल यांचे मिळून ऐंशी-नव्वद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोका ठेवला की ६०० ग्रॅम भरतात. म्हणजे अर्ध्या किलोचा मसाला अर्ध्या किलोच्या दरात कधीच जात नाही, त्यास एक किलोचे हशील भरावे लागते. पहिल्या अर्ध्या किलोस ४५ रुपये आणि पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस ३५ असा दर उदाहरणादाखल धरला (प्रत्यक्ष दर करारागणिक बदलतात), तर ८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ९४ रुपये ४० पैसे होतात. तोच मसाला ४०० ग्रॅमच्या पाकिटात भरून खोका किंचित लहान घेतला, तर सारा ऐवज अर्ध्या किलोच्या आत बसतो आणि ५३ रुपये १० पैशांत काम भागते. घरगुती मसाले विकणाऱ्यांकडे चारशे ग्रॅमचे अनवट पाकीट दिसले, तर त्यामागे पाककलेचा नव्हे, कुरिअरच्या दरपत्रकाचा हिशेब असण्याचा संभव मोठा.

वजनापेक्षाही फसवी गोष्ट आकारमानाची. विमानात वा ट्रकमध्ये जागा ही वजनाइतकीच मोलाची असल्यामुळे कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्यास बहुधा ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा किलोत वाचून तो प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असेल तर त्याप्रमाणे आकारणी करतात. यास व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. चकली हा पदार्थ या हिशेबाच्या दृष्टीने अत्यंत दुर्दैवी आहे. ती हलकी, पोकळ आणि ठिसूळ. अखंड पोहोचावी म्हणून तिच्याभोवती कागदाचे बोळे आणि हवेच्या पिशव्या भराव्या लागतात. सव्वा किलोची चकली ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली की तिचे वजन कागदोपत्री तीन किलो होते. आणि आपल्या मघाच्या दराने दीड किलोच्या ११५ रुपयांऐवजी २२० रुपये, तेही कराव्यतिरिक्त, मोजावे लागतात. नव्याने व्यवसायात उतरलेल्या माणसाचा पहिल्या महिन्याचा नफा पुष्कळदा याच भागाकारात वाहून जातो, कारण त्याने चकली तोललेली असते, खोका मोजलेला नसतो.

याउलट येवल्याच्या पैठणीची गोष्ट. घडी घातलेली पैठणी फारशी जागा अडवत नाही, खोक्यासकट तिचे वजन किलोच्या आत राहते, आणि किंमत मात्र बारा हजार रुपये असू शकते. तिच्या रवानगीचे नव्वद-शंभर रुपये किमतीच्या एक टक्काही भरत नाहीत; मसाल्याच्या पाकिटावर तेच हशील पाव हिश्शाहून अधिक पडते. म्हणून पैठणीवाला 'देशभर डिलिव्हरी मोफत' असे निःशंकपणे लिहू शकतो, आणि मसालेवालीने त्याचे अनुकरण केले तर तिचे दिवाळे निघण्यास दिवाळीची वाट पाहावी लागत नाही. वस्तूची किंमत आणि वजन यांचे परस्पर प्रमाण हाच या व्यवहाराचा मूळ पाया असून, दुसऱ्याचे दर पाहून आपले दर लावणारे व्यापारी नेमका तोच दृष्टीआड करतात.

अंतराचा प्रश्न मात्र वाटतो तितका मोठा नाही, आणि हे प्रथम सिद्ध करून दाखविले ते टपालखात्याच्या इतिहासाने. १८३७ साली रोलंड हिल या इंग्रज सुधारकाने असा हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरोस एक पत्र वाहून नेण्याचा निव्वळ खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका क्षुल्लक आहे. खरा खर्च होतो तो पत्र स्वीकारण्यात, नोंदण्यात, आकार ठरविण्यात आणि दारोदार वाटून पैसे वसूल करण्यात. त्यातून १८४० साली इंग्लंडात अंतरनिरपेक्ष एक पेनी दर आला. हिंदुस्थानात अव्वल इंग्रजी अमदानीत एक तोळ्याचे पत्र कलकत्त्याहून मुंबईस धाडावयाचे तर एक रुपया पडे; डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५४ साली, सर्व मुलखास एकच दर लागू झाला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात कोठूनही कोठेही जाऊ लागले. जवळच्या माणसाने दूरच्या माणसाच्या पत्राचा थोडा भार सोसावा, हे तत्त्व त्या अर्ध्या आण्यात होते. पार्सल हे पत्रापेक्षा जड असल्याने अंतराचा खर्च तेथे अगदीच नगण्य नसतो; तथापि घरातून माल उचलणे आणि परक्या गावी नेमक्या दारापर्यंत तो नेऊन देणे या दोन टोकांचाच खर्च आजही भारी असतो, मधला महामार्ग त्या मानाने स्वस्त.

म्हणूनच कुरिअरचे दरपत्रक किलोमीटर मोजीत नाही, झोन मोजते. एकच शहर, एकच राज्य वा विभाग, महानगर ते महानगर, उर्वरित भारत, आणि शेवटी ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर, अशी ढोबळ पाच-सहा घरे असतात. कोणता पत्ता कोणत्या घरात पडतो हे पिनकोडवरून ठरते. ही सहा अंकांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकाऱ्याची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. वेलणकर संस्कृतचे कवीही होते. त्यांनी योजना केली ती सारखी नावे असलेल्या गावांच्या आणि नाना लिपींतल्या पत्त्यांच्या घोळातून पत्रांची सुटका व्हावी म्हणून. महाराष्ट्रास ४० ते ४४ आणि गोव्यास ४०३ हे आरंभीचे अंक मिळाले. आज त्याच अंकांवरून संगणक क्षणार्धात दर काढतो. त्यातही गंमत अशी की पुण्याहून बंगळुरूस जाणारे पार्सल महानगरी दराने जाते, आणि ४४२६०५ म्हणजे गडचिरोलीकडे जाणारे पार्सल स्वराज्यातले असूनही काही कंपन्या 'दुर्गम भाग' म्हणून वरचा आकार लावतात किंवा ते घेतच नाहीत. अशा ठिकाणी अखेर पोस्टच उपयोगी पडते.

लहान व्यापाऱ्यास मोठ्या कुरिअर कंपनीशी थेट करार करणे सहसा परवडत नाही, कारण महिन्याकाठी शे-दोनशे पार्सले देणाऱ्याची पत्रास कोण ठेवणार? ही उणीव अडत्यांनी भरून काढली आहे. शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ कंपन्या हजारो लहान व्यापाऱ्यांची पार्सले एकत्र करून अनेक कुरिअरकडून घाऊक दर मिळवतात आणि त्यावर आपली अडत ठेवून ते व्यापाऱ्यास देतात. व्यवस्था सोयीची खरी, पण तिच्यात एक काच आहे. व्यापाऱ्याने सांगितलेले वजन अंतिम नसते. मोठ्या केंद्रात यंत्र पार्सल पुन्हा तोलते, पुन्हा मोजते, आणि फरक आढळल्यास पंधरवड्यानंतर खात्यातून जादा रक्कम वळती होते. खोक्याची एक बाजू प्रवासात फुगली म्हणून सहाशे ग्रॅमचे दीड किलो झाले, अशा तक्रारी या धंद्यात नित्याच्या आहेत. म्हणून जाणते व्यापारी प्रत्येक खोका काट्यावर ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून, लेबलासह त्याचा फोटो काढतात आणि तो महिनाभर तरी जपतात. जुन्या पेढीवरील कारकून पावत्यांची चळत ज्या निष्ठेने जपत असे, तीच निष्ठा येथे मोबाईलच्या गॅलरीत पाहावयास मिळते.

आता आकारणीकडे वळू. ग्राहकाच्या पिनकोडप्रमाणे जेवढा खर्च तेवढाच आकार, ही रीत वरकरणी सर्वांत न्याय्य. परंतु तिच्यात पत्ता भरेपर्यंत आकडा कळत नाही, आणि न कळणाऱ्या आकड्याचा ग्राहकास धसका असतो. म्हणून बहुतेक लहान व्यापारी सरासरीचा एकच दर ठेवतात. महिन्यात शंभर पार्सले गेली, त्यांतली चाळीस राज्यातच ५५ रुपयांत, चाळीस महानगरांत ८० रुपयांत आणि वीस दूरदेशी १२० रुपयांत, तर एकूण ७,८०० रुपये, म्हणजे पार्सलमागे ७८. खोका आणि चिकटपट्टीचे १५ धरून ९३. यांतले साठ रुपये उघड डिलिव्हरी चार्ज म्हणून घ्यावेत आणि उरलेले तेहतीस वस्तूच्या किमतीत मुरवावेत, असा मध्यममार्ग पुष्कळांनी अनुभवाने काढलेला आहे. यात सांगलीचा ग्राहक शिलाँगच्या ग्राहकाचे पाच-पन्नास रुपये नकळत भरतो, हे खरे. पण डलहौसीच्या अर्ध्या आण्यापासून आपण सारे हेच करीत आलो आहोत, आणि मला तरी यात गैर काही दिसत नाही.

खरे कसब लागते ते 'अमुक रुपयांवर डिलिव्हरी मोफत' ही मर्यादा ठरविताना. मसाल्याच्या त्याच पाकिटावर, कच्चा माल आणि मजुरी वजा जाता, १२० रुपये सुटतात असे धरू. एकच पाकीट मोफत धाडले तर कुरिअरचे ९४ रुपये ४० पैसे आणि खोक्याचे पंधरा गेल्यावर हाती येतात १० रुपये ६० पैसे. तेवढ्यात फोनचे बिलही निघावयाचे नाही. दोन पाकिटे एकाच खोक्यात घातली की वजन दीड किलोच्या टप्प्यात येते, हशील कर धरून १३५ रुपये ७० पैसे आणि खोक्याचे वीस; सुटलेल्या २४० तून हे वजा जाता चौऱ्याऐंशी रुपये उरतात. पाकिटे दुप्पट झाली, पण हशील दीडपटही झाले नाही. म्हणून मर्यादा ठेवावयाची ती ६९९ रुपयांची, म्हणजे एका पाकिटाचे बिल तिच्या खाली आणि दोहोंचे तिच्या वर राहील अशी. एक पाकीट घेणाऱ्या ग्राहकास नव्वद रुपये हशिलात घालविण्यापेक्षा शेजारणीसाठी दुसरे पाकीट घेणे शहाणपणाचे वाटते, आणि ते तसे असतेही. मात्र ज्या दुकानात एका बिलाची सरासरी चारशेची आहे तेथे मर्यादा दोन हजारांची ठेवली तर तिच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही, आणि तीनशेची ठेवली तर सगळेच फुकट नेतात. सरासरीच्या थोडी वर, हाताच्या टप्प्यात, अशीच ती हवी. पुष्कळ व्यापारी मोठ्या कंपन्यांचा ४९९ चा आकडा जसाच्या तसा उचलतात. त्या आकड्यामागचे करार, गोदामे आणि तोटा सोसण्याची ताकद त्यांच्यापाशी नसते.

माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या सवलतीने हा सारा हिशेब आणखी बिकट होतो. ही प्रथा नवी नव्हे, टपालखात्याने व्ही. पी. पी. १८७७ सालीच सुरू केली होती, आणि पुस्तके, औषधे, घड्याळे तिच्याच जोरावर खेडोपाडी पोहोचली. ग्राहकाने व्ही. पी. सोडविली नाही तर ती परत येई आणि हशील व्यापाऱ्याच्या अंगावर पडे. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'तही तेच घडते, फक्त प्रमाण वाढले आहे, कारण पत्र लिहून मागणी करण्यास जो विचार लागे तो बटण दाबण्यास लागत नाही. परत आलेल्या पार्सलास व्यापारी 'आरटीओ' म्हणतात. समजा शंभरांत पंधरा पार्सले अशी परतली. जाण्याचे ८० आणि येण्याचे ८०, करासह १८८ रुपये ८० पैसे प्रत्येकी, एकूण २,८३२ रुपये. हा भुर्दंड माल घेणाऱ्या पंचाऐंशी जणांत वाटला तर प्रत्येकी तेहतीस रुपये होतात, आणि परतलेला फराळ पुन्हा विकता येत नाही तो तोटा निराळाच. सबब रोखीच्या पार्सलावर चाळीस-पन्नास रुपये जादा घेणारा व्यापारी लोभी आहे असे समजू नये. उलट आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाकडून दाराशी पार्सल नाकारणाऱ्याचा दंड वसूल करणे, हेच मला अधिक अन्यायाचे वाटते.

कायद्याने या क्षेत्रात दोन-तीन गोष्टी ठरवून दिल्या आहेत. व्यापारी स्वतः माल घरपोच देत असेल, तर डिलिव्हरी चार्ज हा मालाच्या मूल्याचाच भाग मानून त्यावर मालाच्याच दराने जीएसटी लागतो. मसाल्यावर ५ टक्के, तर त्याच्या हशिलावरही ५. कुरिअर मात्र व्यापाऱ्याकडून १८ टक्के घेतो, आणि ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्यासच तो पुढे वजावटीत मिळतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये एकूण किंमत आणि तीत डिलिव्हरी, टपाल, हाताळणी व कर यांची फोड स्पष्ट दाखविणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकास भुलविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत किमतीचे घटक आधी दडवून अखेरच्या पानावर थेंबाथेंबाने उघड करण्याची क्लृप्तीही आहे. लेखाच्या आरंभी ज्या ओळीचा उल्लेख केला ती ओळ वस्तूच्या पहिल्याच पानावर छापली, तर विक्री घटेल या भीतीने अनेकजण कचरतात. पण जो ग्राहक अखेरच्या पानावरून निघून जावयाचाच असतो, त्यास तेथवर आणून काय साधते हे मला कळलेले नाही.

पुस्तकांचा विषय वेगळा काढून सांगावासा वाटतो, कारण मराठीतील लहान प्रकाशक आणि ग्रंथविक्रेते यांचे कंबरडे या हशिलानेच वाकले आहे. पुस्तक जड असते, स्वस्त असते, आणि त्यावर सूट द्यावीच लागते. टपालखात्याची बुकपोस्टाची सवलत त्यांना पिढ्यानपिढ्या तारीत आली होती. २०२४ च्या डिसेंबरात ती बंद झाली आणि बरीच ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' या नावाने दुसरी सेवा आली. तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे दर ठेवण्यात आले. फ्रान्सने याच प्रश्नास उलट्या बाजूने हात घातला. तेथे पुस्तकांवर मोफत डिलिव्हरी देऊन लहान दुकानांस मारण्यास २०१४ च्या कायद्याने बंदी केली, तेव्हा ॲमेझॉनने एक सेंट आकारून तो कायदा पाळला. तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालील पुस्तकखरेदीवर किमान ३ युरो हशील घेणे सर्वांस सक्तीचे करण्यात आले. आपल्याकडे असा कायदा व्हावा की नाही याबद्दल दुमत होईल. पण मोफत डिलिव्हरी ही ग्राहकावरची कृपा नसून प्रतिस्पर्ध्यावरचे शस्त्रही असू शकते, हे फ्रेंच सरकारने उघडपणे ओळखले, एवढे मान्य करावयास हवे.

परदेशी धाडावयाच्या दिवाळीच्या फराळात वर सांगितलेल्या साऱ्या अडचणी एकवटतात आणि त्यांत जकातीची भर पडते. अमेरिकेने आठशे डॉलरांपर्यंतच्या पार्सलांस असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. त्याआधी चार दिवस भारतीय टपालखात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबविले, आणि १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना, जकात येथेच आगाऊ भरून घेण्याच्या व्यवस्थेसह ते पुन्हा सुरू केले. न्यू जर्सीतील मुलास लाडू पाठविणाऱ्या आईबापांस आता खोक्याचे आकारमान, विमानाचे भाडे, तिकडची जकात आणि ती भरणाऱ्याची दस्तुरी हे सारे एका रकमेत हवे असते. मागाहून मुलाच्या दारी कोणी पैसे मागू नयेत एवढीच त्यांची अट असते. देशावरच्या जुन्या हुंडेकऱ्यांशी व्यापारी याच अटीवर करार करीत: वाटेतली सारी नाकी आणि जकाती धरून एकच हुंडा ठरे, आणि एखाद्या नाक्यावर जास्त पडले तर ते हुंडेकऱ्याच्या नशिबी. पुण्या-मुंबईचे फराळवाले आज नेमका तोच जोखमीचा व्यवहार करीत आहेत, आणि किलोमागे किती आकार सांगावा याचा निर्णय त्यांना श्रावणातच घ्यावा लागतो, कारण मागणी तेव्हापासूनच सुरू होते.